सीएसआर मागायचा की ऑर्डर? मराठवाड्यात नव्याने कंपन्यांकडे जाणाऱ्यांसाठी

वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा किंवा जालन्याच्या एमआयडीसीत "आमच्या गटाला मदत करावी ही विनंती" असा अर्ज घेऊन गेलात, तर सिक्युरिटीवाला तो ठेवून घेतो, फार तर पोच म्हणून शिक्का मारून देतो आणि तिथेच विषय संपतो. नेमकं काय हवंय आणि कोणाकडून, हे अर्जातच नसतं, मग तो आत पाठवायचा तरी कोणाकडे?

कंपनीकडून दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. पहिली सीएसआरचा, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचा निधी. तो समाजोपयोगी कामासाठी असतो आणि कायद्याने बांधलेला असतो. दुसरी म्हणजे धंदा. कँटीनचा माल, हातमोजे, दिवाळीच्या भेटी, लाकडी पॅलेट, नर्सरीची रोपं हे सगळं परचेस, एचआर किंवा अ‍ॅडमिन विभाग विकत घेतो. दोन्हीकडची माणसं वेगळी, कागदपत्रंही वेगळी. सीएसआरच्या मॅडमकडे जाऊन "आमचे पापड घ्या" म्हटलं तर त्यांना काहीच करता येत नाही. कंपनीच्या नेहमीच्या कामकाजातला खर्च आणि फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. विकण्यासारखं काही हातात असेल तर आधी ऑर्डर मागा, आणि ती ऑर्डर पेलायला जे कमी पडतं त्यासाठी सीएसआर मागा. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला आला आणि त्याच्या आजूबाजूला सुटे भाग बनवणारे कितीतरी लघुउद्योग उभे राहिले. त्याच साखळीतून वाढलेली एन्ड्युरन्स आज स्वतःच मोठी कंपनी आहे. त्या वाढीमागे देणग्या नव्हत्या. दर महिन्याला येणारे पीओ, म्हणजे खरेदीच्या लेखी ऑर्डरी होत्या.

आधी आपण कोण, ते कागदावर ठरवा

"सामाजिक उद्योग" असा नोंदणीचा वेगळा प्रकार आपल्या कंपनी कायद्यात नाही. तुम्ही बचत गट आहात, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला ट्रस्ट आहात, सेक्शन ८ (ना-नफा) कंपनी आहात, शेतकरी उत्पादक कंपनी आहात की साधी प्रोप्रायटरी फर्म, यावर पुढची वाट ठरते.

सीएसआरचा निधी संस्थेच्या खात्यात थेट हवा असेल तर संस्था सार्वजनिक न्यास, नोंदणीकृत सोसायटी किंवा सेक्शन ८ कंपनी असावी लागते. तिच्याकडे १२ए आणि ८०जी या आयकर खात्याच्या करसवलतीच्या नोंदण्या पाहिजेत, तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव पाहिजे, आणि केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा फॉर्म भरून मिळालेला नोंदणी क्रमांक पाहिजे. १ एप्रिल २०२१ पासून हा क्रमांक सक्तीचा आहे. १२ए आणि ८०जी यांना मुदत असते, ती संपलेली नाही ना, हे कंपनीत जाण्याआधी तुमच्या सीएला विचारून घ्या. तिकडे पहिली तपासणी त्याचीच होते.

बचत गटाला, शेतकरी उत्पादक कंपनीला किंवा प्रायव्हेट लिमिटेडला हा क्रमांक मिळत नाही. इथे बरेच जण हात टेकतात, पण टेकायचं कारण नाही. २०२१ च्या सुधारित नियमांत एक फार उपयोगाची तरतूद आहे. सीएसआरच्या पैशातून घेतलेली यंत्रं, शेड अशी मालमत्ता लाभार्थ्यांच्या बचत गटाच्या किंवा समूहाच्या मालकीची राहू शकते. म्हणजे पैसे एखाद्या पात्र संस्थेमार्फत खर्च होतात, किंवा कंपनी स्वतः खर्च करते, आणि डाळ मिल मात्र गटाच्या नावावर येते. करार करतानाच हे वाक्य त्यात लिहून घ्या. "प्रकल्प संपल्यावर बघू" असं कोणी म्हणालं तर यंत्र संस्थेच्या गोडाऊनमध्ये जाऊन बसण्याची शक्यता धरून चाला.

अशी पात्र संस्था जवळच सापडते का ते आधी बघा. माविमचं (महिला आर्थिक विकास महामंडळाचं) लोकसंचालित साधन केंद्र, उमेद या राज्याच्या बचत गट अभियानाचा प्रभाग संघ किंवा तालुक्यात वर्षानुवर्षं काम करणारी एखादी संस्था असेल. ती पैसे कसे हाताळते ते दुसऱ्या गावातल्या गटांना विचारा. संस्थेच्या अध्यक्षांना विचारून उपयोग नाही.

धंद्याच्या दारातून जायचं असेल तर कागद सोपे आहेत. गटाच्या किंवा फर्मच्या नावाचं पॅन, बँक खातं आणि उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण फुकट होते. पैसे मागणारी हुबेहूब दिसणारी संकेतस्थळं भरपूर आहेत, तिकडे फिरकू नका. बचत गटालाही बचत गट म्हणूनच उद्यम नोंदणी करता येते. खाण्याचा पदार्थ असेल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. आपल्याकडे फक्त माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी बंधनकारक नाही, पण बऱ्याच कंपन्या जीएसटी नंबरशिवाय व्हेंडर कोड, म्हणजे पुरवठादाराचा क्रमांकच देत नाहीत. पापडावर तर जीएसटी लागतच नाही, हे परचेसच्या माणसाला एकदा शांतपणे समजावून सांगावं लागतं. कधी पटतं, कधी नाही.

कोणत्या कंपनीकडे जायचं

कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ असं आहे: आदल्या आर्थिक वर्षात नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी आकडा गाठला तरी त्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सीएसआरवर खर्च करायची. कंपनी शेअर बाजारात असलीच पाहिजे असं काही नाही. ५ कोटी नफ्याची अट जालन्यातल्या सळईच्या किंवा बियाण्यांच्या एखाद्या प्रायव्हेट लिमिटेडलाही लागू होऊ शकते.

नवखे लोक सरळ मोठ्या नावांकडे धावतात. मी उलट सांगेन. समजा एखाद्या कंपनीचा सरासरी नफा ६ कोटी आहे, म्हणजे तिचा वर्षाचा सीएसआर १२ लाख. ही रक्कम ५० लाखांच्या आत असल्यामुळे तिला सीएसआर समिती नेमायचीही गरज नाही, संचालक मंडळच ठरवतं. अशा ठिकाणी मालक स्वतः ऐकून घेतात, प्रश्न विचारतात, बऱ्याचदा गाडी काढून गावाकडे येऊन बघतात. मोठ्या कंपनीचा निर्णय मुंबईला, पुण्याला किंवा परदेशात होतो, वाळूजचा अधिकारी फक्त शिफारस करतो. तुमच्या चार-पाच लाखांच्या कामासाठी ती सगळी फाइल फिरवायला कोणाला वेळ नसतो.

लातूर, धाराशिव, बीड, नांदेड, परभणी, हिंगोलीकडच्या लोकांना वाटतं की आपल्याकडे कंपन्याच नाहीत. आहेत, पण ओळखू येत नाहीत. खासगी साखर कारखाने कंपनी कायद्याखाली येतात. सहकारी कारखाने येत नाहीत, त्यांना सीएसआरची सक्ती नाही. तेल गिरण्या, जिनिंग, दूध प्रक्रिया, गोदामं, सौरऊर्जेचे प्रकल्प यांच्याकडेही बघा. कंपनीने जिथे काम आहे त्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कायदाच म्हणतो, त्यामुळे "तुमच्या प्रकल्पापासून आमचं गाव इतक्या किलोमीटरवर आहे" हे वाक्य प्रस्तावात अगदी वर असू द्या.

कंपनीने आधी कुठे पैसे दिलेत ते पाहणं अवघड नाही. केंद्राच्या सीएसआर पोर्टलवर कंपनीवार खर्च दिसतो, आणि सीएसआर धोरण व मंजूर प्रकल्प आपल्या संकेतस्थळावर टाकणं कंपनीला बंधनकारक आहे. जी कंपनी वर्षानुवर्षं फक्त शाळांच्या खोल्या बांधते तिच्याकडे हळदीचं ग्राइंडर मागायला जाऊ नका. रोजगार आणि उपजीविका वाढवणारी कामं कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये स्पष्ट लिहिलेली आहेत. त्या मथळ्याखाली आधी खर्च केलेली कंपनी शोधा.

ओळखीसाठी छत्रपती संभाजीनगरात सीएमआयए आणि मसिआ या उद्योजकांच्या संघटना आहेत, नव्या उद्योगांना हात देणारं मॅजिक हे इनक्युबेशन केंद्र आहे, प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा उद्योग केंद्र आहे. संघटनेच्या कार्यक्रमाला जाऊन मागच्या खुर्चीवर बसून ऐकलं तरी कोणत्या कंपनीत कोण काय बघतं ते कळतं.

प्रस्ताव दोन पानांत बसवा

"महिला सक्षमीकरणातून ग्रामविकास" असा मथळा आणि पुढे सावित्रीबाईंपासून शाश्वत विकासाच्या ध्येयांपर्यंत पाच पानं, असे प्रस्ताव सीएसआरवाल्यांना रोज येतात. त्यांना हवं असतं ते याच्या नेमकं उलटं.

समजा लातूर जिल्ह्यातल्या एका गावातल्या गटाला मिनी डाळ मिल हवी आहे. पहिल्या परिच्छेदात लिहा: गावात साधारण किती क्विंटल तूर निघते, ती आज कुठे आणि काय भावाने जाते, डाळ करून विकली तर क्विंटलमागे गटाच्या हातात किती जास्त राहतील. मग यंत्राचं कोटेशन, तेही दोन-तीन ठिकाणचं. मग शेड कोणाच्या जागेवर आहे आणि ती जागा गटाला किती वर्षांसाठी लिहून मिळाली आहे. आणि वीज. थ्री फेज कनेक्शन कोणाच्या नावावर, दिवसातून किती तास येते, मीटरचं बिल कोण भरणार? ग्रामीण भागातले यंत्रांचे प्रकल्प इथेच अडकतात आणि अनुभवी सीएसआर अधिकारी हेच आधी विचारतो. उत्तर प्रस्तावात आधीच असेल तर समोरच्याचा सूर लगेच बदलतो.

गटाने स्वतः काय घातलं आहे तेही लिहा. जागा, श्रम, अंतर्गत बचतीतली काही रक्कम, काहीही चालेल, पण शून्य नको.

बजेटमध्ये फील्डवर काम करणाऱ्या माणसाचा पगार लपवू नका. "सीएसआरमध्ये फक्त ५ टक्के प्रशासकीय खर्च चालतो" असं सगळे सांगतात, पण ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. प्रकल्प राबवणाऱ्या कार्यकर्तीचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च असतो. तिला पगार दाखवायचा नाही आणि मग यंत्राची किंमत फुगवून त्यातून तो काढायचा, ही पद्धत आपल्याकडे रुळली आहे. ऑडिटमध्ये ती पकडली जाते, आणि बोट कार्यकर्तीकडेच दाखवलं जातं.

प्रस्ताव कधी द्यायचा? आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. पुढच्या वर्षाचा आराखडा मार्चच्या आधी आकार घेतो, म्हणून दिवाळीनंतर लगेच भेटायला सुरुवात करा. फेब्रुवारीत एखाद्या कंपनीचा घाईचा फोनही येतो, थोडी रक्कम शिल्लक असते. तयार प्रस्ताव असेल तर तो निधी तुमचा. नसेल तर रात्रीतून काहीतरी बनवून देऊ नका, कारण खर्च मंजुरीप्रमाणेच झाला हे कंपनीच्या वित्त प्रमुखाला लिहून प्रमाणित करावं लागतं आणि त्यासाठी तो प्रत्येक बिल मागतो.

पाहणीला साहेब येणार म्हटल्यावर शाल, नारळ, रांगोळी, स्वागतगीत सगळं होतं आणि पाऊण तास त्यातच जातो. असू द्या, आपली रीत आहे. पण त्या टेबलावर गटाचं बैठकीचं रजिस्टर, रोकड वही आणि बँकेचं पासबुकही ठेवा. सचिव ताईंना रोकड वहीतलं कुठलंही पान उघडून समजावता आलं, तर बाकीच्या भाषणांची गरज पडत नाही.

आणखी एक. "सीएसआर मिळवून देतो, १० टक्के आधी द्या" म्हणणारे मध्यस्थ प्रत्येक जिल्ह्यात फिरत असतात. रीतसर सल्लागाराला ठरलेली फी बिलावर देणं वेगळं. मंजूर रकमेतला वाटा रोखीत मागणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

ऑर्डरच्या वाटेने

सगळ्यात सोपी सुरुवात कंपनीच्या कँटीनबाहेर एक दिवसाचा स्टॉल. त्याची परवानगी एचआर देतं. पगार झाल्यानंतरच्या आठवड्यातली तारीख मागा, महिनाअखेरीला कामगार बघून पुढे जातो. कोणता माल उचलला गेला, कोणत्या पुड्याला हात लावून परत ठेवला, हे लिहून ठेवा. पुढच्या वेळी परचेसच्या टेबलावर हीच वही उपयोगी पडते.

दिवाळीच्या भेटवस्तूंचा निर्णय दिवाळीच्या तोंडावर होतो असा समज आहे. तोवर ऑर्डर कधीच गेलेली असते. नमुने पोळ्याच्या सुमारास द्या. नमुन्याच्या पुड्यावर पूर्ण लेबल असू द्या: घटक, वजन, तारीख, बॅच नंबर, किंमत, शाकाहारी पदार्थाचं हिरवं चिन्ह आणि १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक. पापड कितीही खुसखुशीत असला तरी बॅच नंबर नसलेला पुडा कंपनी घेत नाही, कारण कोणा कामगाराच्या पोटात दुखलं तर तो माल कोणत्या दिवशीचा हे तिला सांगता आलं पाहिजे.

आता पैशांचं गणित. समजा १,००० बॉक्सची ऑर्डर आली, एकाचा दर २५० रुपये. बिल झालं अडीच लाखांचं. डाळ, तेल, खोकी, मजुरी, टेम्पो मिळून बॉक्समागे १९० रुपये खर्च येत असेल तर १ लाख ९० हजार आधी लावावे लागतात, आणि कंपनी पैसे देणार माल पोचल्यावर महिना-दीड महिन्याने. गटाकडे तेवढी रक्कम नसते, मग सावकार किंवा मायक्रोफायनान्स. नफ्याचे ६० हजार त्यांच्याच खिशात जातात. म्हणून दर ठरवतानाच ४० टक्के आगाऊ मागा. १ लाख हातात आले तर उरलेले ९० हजार अंतर्गत बचत आणि बँकेचं कर्ज यांतून भागवता येतात. सुरुवातीच्या ऑर्डरीला आगाऊ देत नाहीत असं म्हणाले तर ५०० बॉक्सचीच घ्या. पूर्ण ऑर्डर घेऊन अर्धी वेळेवर देणाऱ्याला पुढच्या वर्षी कोणी बोलवत नाही.

माल देताना गेटवर काय होतं ते एकदा नीट समजून घ्या. पीओ नंबर चलनावर लिहिलेला पाहिजे, नाहीतर टेम्पो बाहेरच उभा राहतो आणि दर तासाचं भाडं चढत जातं. स्टोअरमध्ये माल मोजून घेतला की त्याची जीआरएन करतात, म्हणजे माल मिळाल्याची त्यांच्या सिस्टिममधली नोंद. ती झाली नाही तर बिल अकाउंट्सकडे पोचतच नाही. सहीची पोच हातात घेतल्याशिवाय टेम्पो परत आणू नका. "मॅडम, उद्या मेल करतो" यावर विसंबू नका, उद्या त्या माणसाची सुट्टी असते.

पैसे अडकले तर

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याचा आधार आहे. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे लांबवता येत नाहीत, करारच नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. मालाबद्दल तक्रार असेल तर ती कंपनीने माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी द्यायची असते. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२४-२५ च्या कर आकारणी वर्षापासून आयकरातही चाप बसला आहे. मुदतीत न दिलेली रक्कम कंपनीला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही, प्रत्यक्ष दिल्यावरच दाखवता येते. त्यामुळे मार्चमध्ये अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करून उद्यम प्रमाणपत्र मागतात. ते पहिल्याच बिलाला जोडून द्या आणि बिलावर उद्यम क्रमांक छापा. मात्र दुसऱ्याचा माल आणून नुसता विकत असाल, म्हणजे व्यापारी असाल, तर थकीत पैशांचं हे संरक्षण लागू होत नाही.

तक्रारीसाठी सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषद आहे. पण तिथे गेलात की त्या कंपनीशी संबंध बहुधा संपतात, हेही खरं. आधी थकीत बिलांची यादी, पीओ आणि जीआरएन क्रमांकांसह, अकाउंट्स प्रमुखाला मेलने पाठवा आणि परचेसलाही त्याची प्रत द्या. अडकलेली बरीच बिलं कुठल्यातरी एका क्रमांकापायी अडकलेली असतात.

कंपनी निघून गेली तर?

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने महिलांचं मोठं जाळं उभं केलं. २००० च्या दशकात बीपी या तेल कंपनीने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने 'ऊर्जा' नावाची कमी धुराची शेगडी आणली आणि ती खेड्यांत अशाच जाळ्यांतल्या महिलांमार्फत विकली. शेगडी चांगली होती, बायकांना कमिशन मिळत होतं. पण ती शेतातल्या टाकाऊ मालापासून बनवलेल्या पेलेटवरच चालायची. २००९ मध्ये बीपीने तो व्यवसाय दुसऱ्या कंपनीकडे दिला, कच्चा माल महागला, पेलेटचे भाव चढले आणि अनेक घरांतल्या शेगड्या अडगळीत गेल्या.

कंपनीसोबत कुठलंही काम सुरू करताना म्हणून तीन गोष्टी विचारा. कच्चा माल कोणाच्या हातात आहे? यंत्राचा सुटा भाग संभाजीनगरात किंवा लातुरात मिळतो का? आणि ही कंपनी पुढच्या वर्षी नसली तर हाच माल दुसऱ्या कोणाला विकता येईल का? बीडचं सीताफळ, जालन्याची मोसंबी, वसमतची हळद, मराठवाड्याचा केसर आंबा यांना भौगोलिक मानांकन आहे, गिऱ्हाईक शोधताना ते नाव कामी येतं. एका कंपनीच्या लोगोची खोकी दहा हजार छापून ठेवलीत तर मात्र तो माल दुसरीकडे जात नाही. लोगोचं स्टिकर वेगळं करा, खोकं आपल्या नावाचं ठेवा.

सीएसआर अधिकारी आणि परचेसची माणसं दोन-तीन वर्षांत बदलतात. जुन्या साहेबांशी तोंडी ठरलेलं नव्या साहेबांना माहीत नसतं. प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी चार ओळींचा मेल पाठवायची सवय लावा: काय ठरलं, कोण काय करणार, कधीपर्यंत. गटात मेल येणारं कोणी नसेल तर बारावी झालेल्या एखाद्या सुनेला किंवा लेकीला हे काम द्या, आणि तिचं मानधन बॉक्सच्या दरात धरा.